जॉर्जियन 'आनि': एक अक्षर, चार क्रमांक

दौतटाक

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने कामानिमित्त जॉर्जियन मजकुराशी रोज संबंध येतो आहे. (काकेशसमधला जॉर्जिया, राजधानी तिबिलिसी. अमेरिकेतलं राज्य नव्हे.) भाषा मला येत नाही, पण आमच्या ॲपमधला जॉर्जियन मजकूर पडद्यावर नीट उमटतो का, शोधला तर सापडतो का, हे तपासायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे त्यांच्या वर्णमालेतलं पहिलं अक्षर, 'आनि', चांगलंच ओळखीचं झालंय. उच्चार आपल्या 'आ'सारखा, जरा आखूड. या एका अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकात, चार क्रमांक आहेत. ते चार का, आणि त्यातला चौथा इतका उशिरा, २०१८ साली, का आला, यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी साधा हिशोब. संगणक अक्षराचा आकार साठवत नाही, क्रमांक साठवतो. आकार फॉन्ट पुरवतो. हजेरीपटावर मुलाचा क्रमांक ठरलेला असतो, त्याने आज कुठला सदरा घातलाय त्याच्याशी हजेरीचा संबंध नसतो, तसं हे. 'आनि'चा रोजच्या वापरातला क्रमांक यू+१०डी०. हा सोळाच्या पायावरचा आकडा, आपल्या दशमान पद्धतीत ४३०४. फाइलमध्ये तो यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइटांत बसतो. कसा बसतो ते कागदावर एकदा करून बघाच.

१०डी० शून्य-एकात लिहिला की सोळा बिट मिळतात: ०००१००००११०१००००. त्यांचे चार, सहा, सहा असे तुकडे पाडायचे: ०००१, ००००११, ०१००००. पहिल्या तुकड्याआधी १११० लावायचं, म्हणजे वाचणाऱ्या प्रोग्रामला कळतं की हे अक्षर तीन बाइटांचं आहे. उरलेल्या दोन्ही तुकड्यांआधी १० लावायचं. हाती येतं ते असं: १११००००१ १०००००११ १००१००००. सोळाच्या पायावर ई१ ८३ ९०. आजच्या जॉर्जियन वर्णमालेत ३३ अक्षरं आहेत, यू+१०डी० पासून यू+१०एफ० पर्यंत ओळीने. सगळ्यांचे पहिले दोन बाइट ई१ ८३ हेच. फक्त शेवटचा बदलत जातो.

आपला 'अ' यू+०९०५, बाइट ई० ए४ ८५. म्हणजे तोही तीन बाइटांचा. एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावतात, पण मराठी असो वा जॉर्जियन, ७० वर संदेश तुटतो. त्या बाबतीत दोघांची गत सारखीच.

आता चार क्रमांकांकडे. जॉर्जियन भाषेने आजवर तीन लिप्या वापरल्या. सगळ्यात जुनी असोम्तावरुली. बोल्निसीच्या सिओनी चर्चवरचा ४९३-९४ च्या सुमाराचा शिलालेख याच लिपीत आहे. तिच्यातला 'आनि' यू+१०ए०. मग ९ व्या शतकापासून दिसणारी नुस्खुरी, हस्तलिखितांची, कोनदार वळणाची. तिच्यातला 'आनि' यू+२डी००. तिसरी म्खेद्रुली, जी आज शाळेत शिकवतात आणि जिच्यात पेपर छापतात. तिचा यू+१०डी० वर आलाच. या तिन्ही लिप्यांची जिवंत परंपरा २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

चौथा आहे यू+१सी९०, म्तावरुलीतला 'आनि'. म्तावरुली ही वेगळी लिपी नाही. म्खेद्रुलीचंच ते शीर्षकांसाठी वापरायचं रूप आहे. म्खेद्रुलीत काही अक्षरं ओळीच्या वर जातात, काही खाली लोंबतात. म्तावरुलीत सगळी एका उंचीची, दोन रेघांमध्ये बरोबर बसलेली. दुकानाची पाटी, पुस्तकाचं मुखपृष्ठ, बातमीचा मथळा अशा ठिकाणी दिसते.

माझं मत आधीच सांगतो. क्रमांक देणं हा यातला सोपा भाग. त्या क्रमांकासोबत कुठले नियम जोडायचे, यात भाषेची खरी समज लागते, आणि इथे ती समज दाखवली गेली. प्रोग्राम लिहिणारे ते नियम वाचत नाहीत, ही अडचण वेगळी. फॉन्ट आणि लिप्यांवर काम करणारे इथे बरेच आहेत, त्यांनी भर घालावी.

---

माणदेशी

छान धागा. एक मूलभूत शंका. आकार फॉन्टवर सोपवायचा असेल तर असोम्तावरुली आणि म्खेद्रुली हे दोन फॉन्टच मानायला काय हरकत होती? अक्षर तेच, उच्चार तोच, क्रमसुद्धा तोच. मग दोन-तीन क्रमांक कशाला?

---

अक्षरवेडी

माणदेशी, हाच प्रश्न मोडीबद्दल विचारून बघा. मोडी 'क' आणि बाळबोध 'क' यांचा उच्चार एकच. ज्ञानेश्वरीची ओवी दोन्हींत लिहिता येते. तरी युनिकोडने मोडीला २०१४ मध्ये, ७.० या आवृत्तीत, स्वतंत्र जागा दिली: यू+११६०० पासून पुढे. ती नसती तर मोडी कागदपत्राची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर बाळबोधात उघडली असती आणि मूळ कागद कुठल्या लिपीत होता हेच फाइलमधून पुसलं गेलं असतं. दफ्तरखान्यातल्या कामात ते चालत नाही. देवनागरी फक्त येणाऱ्याला मोडी वाचता येत नाही, एवढं एक कारण मला पुरेसं वाटतं. जॉर्जियातही तसंच असावं. म्खेद्रुली येणाऱ्या माणसासमोर नुस्खुरीतलं हस्तलिखित ठेवलं तर शिकल्याशिवाय त्याला वाचता येणार नाही.

---

दौतटाक

अक्षरवेडी ताई, मोडीचं उदाहरण अगदी नेमकं. आणि जॉर्जियनच्या बाबतीत युनिकोडने आधी माणदेशींच्या वाटेनेच जाऊन पाहिलं होतं, तेही अर्धंच.

१९९१ च्या पहिल्या आवृत्तीत असोम्तावरुलीला वेगळी जागा होती, पण नुस्खुरी आणि म्खेद्रुली एकाच क्रमांकांवर बसवल्या होत्या. नुस्खुरी हवी असेल तर फॉन्ट बदला. अडचण अशी की चर्चच्या जुन्या ग्रंथांत असोम्तावरुली आणि नुस्खुरी एकाच पानावर, मोठी अक्षरं आणि छोटी अक्षरं म्हणून, जोडीने येतात. या जोडीला खुत्सुरी म्हणतात. त्याच पानावर खाली म्खेद्रुलीत टीप द्यायची म्हटली की साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दोन्ही लिप्या एकमेकींत मिसळून जात. म्हणून २००५ मध्ये ४.१ आवृत्तीत नुस्खुरीला यू+२डी०० पासून स्वतःची जागा मिळाली. तेव्हापासून असोम्तावरुलीचं छोटं रूप म्हणजे नुस्खुरी, असं अधिकृत नातं आहे. लिप्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीतही संकेत दोनच: खुत्सुरीसाठी एक आणि म्खेद्रुलीसाठी एक.

---

सी_प्लसवाला

माझा अनुभव चौथ्या क्रमांकाचा. आम्ही एक आरक्षणाची वेबसाइट सांभाळायचो, पंधराएक भाषांत. बटणांवरचा मजकूर मोठ्या अक्षरांत दाखवायचा अशी सूचना सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) सरसकट दिलेली. इंग्रजी, फ्रेंच, रशियन सगळं मोठं व्हायचं, मराठी-हिंदी-जॉर्जियन जसंच्या तसं राहायचं, कारण तिथे मोठं-छोटं असा भेदच नव्हता. २०१८ च्या उत्तरार्धात जॉर्जियातून तक्रारी यायला लागल्या की बटणांवर नुसते रिकामे चौकोन दिसतायत. आमच्याकडून एक ओळही बदललेली नव्हती!

झालं होतं असं. जून २०१८ मध्ये युनिकोड ११ आलं, म्तावरुलीची ४६ अक्षरं घेऊन. त्याच महिन्यात आयसीयू या सामायिक सॉफ्टवेअर-संचाची ६२ वी आवृत्ती आली. ब्राउझर, मोबाइल आणि निम्मं जग मोठ्या-छोट्या अक्षरांचे नियम या आयसीयूतून घेतं. त्यात 'आनि'चं मोठं रूप यू+१सी९० अशी नोंद झाली. ब्राउझरने नवे नियम उचलले, आमची जुनी सूचना इमानेइतबारे पाळली आणि यू+१०डी० च्या जागी यू+१सी९० मागितलं. लोकांच्या संगणकांतल्या फॉन्टना त्या क्रमांकाचा पत्ताच नव्हता. चौकोन.

आम्ही जॉर्जियनपुरती ती सूचना काढून टाकली. पुढे नोटोसारख्या फॉन्टांत म्तावरुली आली आणि प्रश्न निवळला. पण एखाद्या भाषेत मोठी अक्षरं 'नाहीत' हे गृहीत धरून लिहिलेला कोड असा एका रात्रीत आडवा येऊ शकतो, हे तेव्हा पक्कं डोक्यात बसलं.

---

कोकणकडा

वाचतोय. पुढे लिहा.

---

सांजवारा

तांत्रिक भाग माझ्या डोक्यावरून गेला, पण एक विचारते. माझी भाची तिबिलिसीला एमबीबीएस करतेय. (तिच्या वर्गात महाराष्ट्रातली बरीच मुलं आहेत.) घरभाड्याच्या कागदांसाठी तिला तिथल्या एका कार्यालयाकडून वर्डची फाइल आली. उघडली तर सगळी रोमन अक्षरं, तीही मध्येच मोठी, मध्येच छोटी. इंग्रजी म्हणावं तर एक शब्द लागत नाही. तिला वाटलं फाइल खराब झालीय. हा याच क्रमांकांचा घोळ का?

---

कळफलक

सांजवारा ताई, हा घोळ क्रमांकांच्या आधीच्या काळातला आहे, आणि तो आपल्याला नवा नाही. श्रीलिपीत टाइप केलेली फाइल श्रीलिपी नसलेल्या संगणकावर उघडल्यावर काय दिसतं ते आठवा. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही डीटीपीवाल्याने हे वर्षानुवर्षं भोगलंय.

जॉर्जियात त्या काळी गाजलेला फॉन्ट ॲकॅडनुस्ख आणि मथळ्यांसाठी त्याचा भाऊ ॲकॅडम्तावर. यात युनिकोड नाही. रोमन 'ए'च्याच क्रमांकावर 'आनि'चं चित्र बसवलेलं, 'बी'च्या जागी 'बानि'चं. फॉन्ट असला की जॉर्जियन दिसतं. नसला की आत जे खरोखर साठवलंय ते उघडं पडतं, म्हणजे रोमन अक्षरं. सरकारी कार्यालयांत या फॉन्टांत केलेली कागदपत्रं ढिगाने पडून आहेत.

मध्येच येणाऱ्या मोठ्या अक्षरांचंही कारण आहे. रोमन अक्षरं २६, जॉर्जियन ३३. उरलेली सात शिफ्ट दाबून यायची. डब्ल्यू, आर, टी, एस, जे, झेड, सी या सात कळांवर दोन-दोन अक्षरं. साध्या 'टी'वर त्यांचा कंठ आवळून काढलेला 'ट'सारखा उच्चार, शिफ्टसकट 'टी'वर 'थ'च्या जवळचा. देशाचं त्यांच्या भाषेतलं नाव साकार्थ्वेलो. जुन्या फाइलमध्ये ते रोमन छोट्या अक्षरांत दिसेल आणि मधोमध एकच 'टी' मोठा. भाचीला सांगा, फाइलमध्ये असा शब्द सापडला तर फाइल धडधाकट आहे. फॉन्ट टाका किंवा कन्व्हर्टरमधून काढा. तिथले लोक आजही युनिकोडमध्ये टाइप करताना बहुतेक याच मांडणीचा कळफलक वापरतात. बोटांना सवय तीच, आत साठतं ते मात्र यू+१०डी०.

---

सांजवारा

मोठा 'टी' सापडला! तिला कळवलं. मनापासून आभार.

---

आडगावकर

कन्व्हर्टर वापरताना एक काळजी घ्या. असल्या फाइलमध्ये खरंखुरं इंग्रजीही असतं: ईमेल पत्ता, कंपनीचं नाव, पासपोर्टवरचं नाव. सरसकट रूपांतर केलं की तेही जॉर्जियन होऊन बसतं. वर्डमधून करताना फॉन्टचं नाव बघून तेवढाच भाग बदलणारं साधन वापरावं. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणताना आम्ही हेच करतो. तिथे काम जास्त अवघड, कारण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, ती उचलून मागे न्यावी लागते. जॉर्जियनमध्ये जोडाक्षर नाही, मात्रा नाही, एका खुणेला एक क्रमांक. माझ्या दृष्टीने फार सुटसुटीत लिपी.

---

दौतटाक

खरं आहे. आणि या मधल्या काळात आठ बिटांच्या प्रमाणपद्धतीही झाल्या. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जीओएसटीडी८ नावाचा वर्णसंच अजूनही आहे, तो जॉर्जियनसाठीच. लिबआयकॉन्व्ह या वर्णसंच बदलणाऱ्या साधनात जॉर्जियन-अकॅडमी आणि जॉर्जियन-पीएस अशी दोन नावं सापडतात. ग्रंथालयांच्या नोंदींसाठी १९९६ चं आयएसओ १०५८६ हे मानक आहे. पण युरोपातल्या भाषांना ज्या आयएसओ ८८५९ मालिकेने सावरून धरलं, त्यात जॉर्जियनला भागच मिळाला नाही. देवनागरीसाठी त्याच मालिकेत बारावा भाग करायचं घाटत होतं, तोही १९९७ मध्ये सोडून दिला. आपल्याकडे निदान इस्की हे एक राष्ट्रीय मानक होतं आणि युनिकोडमधली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच आली.

फॉन्टच्या बाबतीत एक नाव घ्यायलाच हवं. लिनक्सवर पूर्वीपासून वापरात असलेले बीपीजी नावाचे जॉर्जियन फॉन्ट आहेत. ही आद्याक्षरं बेसारिऑन गुगुश्विली यांची. १९९१-९२ मध्ये ते जॉर्जियाचे पंतप्रधान होते, सत्तापालटानंतर देश सोडावा लागला, फिनलंडमध्ये राहिले आणि तिथे बसून आपल्या लिपीचे फॉन्ट तयार करत राहिले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

---

नवखा_टेस्टर

माझ्याकडे जॉर्जियन मजकुराची एक सीएसव्ही आली आहे. प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', मग शेपटीवाला 'एफ', मग तिसरं काहीतरी, असंच पानभर चाललंय. हे पण जुन्या फॉन्टचं का? दुरुस्त होईल?

---

सी_प्लसवाला

नाही, हे वेगळं दुखणं. तुमची फाइल यूटीएफ-८ मध्ये नीट होती, कुणीतरी ती विंडोज-१२५२, म्हणजे रोमन अक्षरांसाठीची जुनी एका बाइटाची पद्धत, समजून उघडली. दौतटाक यांनी वर दिलेले बाइट बघा: ई१ ८३ ९०. विंडोज-१२५२ मध्ये ई१ म्हणजे तिरकी रेघवाला 'ए' आणि ८३ म्हणजे शेपटीवाला 'एफ'. सगळ्या जॉर्जियन अक्षरांचे पहिले दोन बाइट हेच असल्यामुळे ही जोडी दर अक्षराला दिसणारच. मराठीचा मजकूर असा फुटला की उलट्या रेघेचा 'ए' आणि चार टोकं फुटलेला गोल दिसतो. ते आपले ई० आणि ए४.

दुरुस्त होईल का, हे फाइल नुसती चुकीची उघडली की चुकीची उघडून पुन्हा सेव्ह केली, यावर आहे. नुसती उघडली असेल तर यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा, संपलं. सेव्ह केली असेल तर मेख आहे. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा मोकळ्या आहेत, तिथे कुठलंच चिन्ह नेमलेलं नाही. काही प्रोग्राम अशा जागी प्रश्नचिन्ह टाकून मोकळे होतात. आता 'आनि'चा शेवटचा बाइट ९०. आणि 'ओनि', म्हणजे 'ओ' हा स्वर, यू+१०डीडी, त्याचा शेवटचा बाइट ९डी. दोन्ही नेमके मोकळ्या जागांवर! बाकीची ३१ अक्षरं परत मिळतात, पण 'आ' आणि 'ओ' दोन्हींच्या जागी एकसारखं प्रश्नचिन्ह येतं आणि कुठलं कोणाचं ते सांगता येत नाही. 'आनि' तर जॉर्जियनमध्ये सतत येणारं अक्षर.

फाइलमध्ये प्रश्नचिन्हं आहेत का ते आधी बघा. नसतील तर सगळा मजकूर सुटेल.

---

आडगावकर

हे वाचून मराठीचा हिशोब करून पाहिला. हलंताचा पाय मोडणारं चिन्ह यू+०९४डी, बाइट ई० ए५ ८डी. शेवटचा ८डी, मोकळी जागा! पहिला उकार यू+०९४१, शेवटचा बाइट ८१, तोही मोकळा. 'ए', 'ऐ', 'झ' आणि चंद्रबिंदू हेही त्याच पाचांत अडकतात. फुटलेल्या मराठी फाइली दुरुस्त करताना सगळं जागेवर येतं पण जोडाक्षरं आणि उकार तेवढे परत येत नाहीत, हे मी कितीदा पाहिलंय. कारण आज कळलं. सी_प्लसवाला, तुमचे खरंच उपकार.

---

नवखा_टेस्टर

प्रश्नचिन्हं नाहीत. यूटीएफ-८ निवडून उघडली, सगळं जॉर्जियन दिसतंय. धन्यवाद!

---

माणदेशी

मोडीचं पटलं, असोम्तावरुली-नुस्खुरीचंही पटलं. पण म्तावरुलीचं अजून पटत नाही. दौतटाक स्वतःच म्हणतात की ती म्खेद्रुलीचंच शीर्षकाचं रूप आहे. मग फॉन्टमध्ये एक सोय ठेवायची, मथळा आला की एका उंचीची अक्षरं दाखवायची. २०१८ पर्यंत तसंच चालत होतं ना? क्रमांक वाढवून सी_प्लसवाल्यांच्या बटणांचे चौकोन करून ठेवले, यात वाचकाच्या हाती काय पडलं?

---

अक्षरवेडी

फॉन्टमधली सोय फक्त फॉन्ट निवडता येतो तिथेच चालते. चॅटमध्ये, बातमीच्या सूचनेत, फाइलच्या नावात, डेटाबेसच्या रकान्यात फॉन्ट आपल्या हातात नसतो. तिथे इंग्रजी माणूस एखादा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून ठासून सांगू शकतो, जॉर्जियन माणसाला ते जमत नव्हतं. छापील पुस्तकाचं मुखपृष्ठ म्तावरुलीत, आणि तेच शीर्षक ग्रंथालयाच्या सूचीत गेलं की साधं. ही उणीव त्या लिपीत नव्हती, आपण केलेल्या सोयीत होती. ती भरून काढणं योग्यच.

मराठीत उलट गोष्ट आहे. 'ॲ' बघा. २००८ मध्ये ५.१ आवृत्तीत त्याला यू+०९७२ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. पण त्याआधीपासून लोक 'अ' आणि त्यावर चंद्र असे दोन क्रमांक जोडून तेच लिहीत होते, अजूनही लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखे. युनिकोडच्या नियमांत मात्र ते समतुल्य नाहीत. एका पद्धतीने 'ॲप' शोधलं तर दुसऱ्या पद्धतीचं सापडेलच असं नाही. म्तावरुलीच्या बाबतीत निदान नातं नोंदवलेलं आहे. यू+१सी९० आणि यू+१०डी० शोधताना एकच मानायचे, असं नियमात स्पष्ट आहे.

---

दौतटाक

माणदेशी, तुमची हरकत रास्त आहे, आणि मी सुरुवातीला 'नियम' म्हटलं ते याचसाठी. दोन रूपांना दोन क्रमांक देऊन 'हे मोठं, ते छोटं' एवढंच लिहून ठेवलं असतं तर खरोखर नुकसान झालं असतं. कारण जॉर्जियनमध्ये वाक्याची सुरुवात मोठ्या अक्षराने होत नाही. माणसाच्या किंवा गावाच्या नावाचं पहिलं अक्षरही मोठं नसतं. म्तावरुलीत लिहायचं तर अख्खा शब्द, अख्खी ओळ. एक अक्षर म्तावरुली आणि पुढची म्खेद्रुली अशी सरमिसळ तिथल्या वाचकाला चूकच वाटते. १९५० च्या दशकात अकाकी शानिद्झे या मोठ्या भाषाशास्त्रज्ञाने म्खेद्रुली मजकुरात असोम्तावरुलीची अक्षरं इंग्रजीसारखी सुरुवातीला वापरायचा प्रयोग करून पाहिला होता. लोकांनी तो स्वीकारला नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला तीन रूपांची नोंद असते: मोठं, छोटं आणि शब्दारंभीचं. इंग्रजीत शब्दारंभीचं रूप म्हणजे मोठंच. 'आनि'च्या नोंदीत मोठं रूप यू+१सी९० आहे, पण शब्दारंभीचं रूप यू+१०डी०, म्हणजे ते स्वतःच. सगळं मोठं करा म्हटलं तर म्तावरुली होते. शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करा म्हटलं तर काहीही बदलत नाही. तिथल्या लेखनाची रीत एवढ्याशा नोंदीत बरोबर उतरली आहे. मला ती फार सुंदर वाटते.

आता हे मोडतं कुठे? नाव सुरेख दिसावं म्हणून बहुतेक प्रोग्रामर काय करतात? पहिलं अक्षर तोडतात, त्याला मोठं करतात, उरलेलं मागे चिकटवतात. इंग्रजीत चालतं. मराठीत काही होतच नाही म्हणून कळतही नाही. जॉर्जियन नावाचं मात्र पहिलंच अक्षर म्तावरुली होतं आणि नाव विद्रूप होतं. 'मोठं करा' हे फंक्शन न वापरता 'शब्दारंभीचं रूप द्या' हे वापरलं की प्रश्न मिटतो.

---

सी_प्लसवाला

याला पायथन या प्रोग्रामिंग भाषेत पुरावा आहे. पायथन ३.६ मध्ये यू+१०डी० मोठं करा म्हटलं तर तेच परत मिळायचं. ३.७ मध्ये युनिकोड ११ आलं आणि यू+१सी९० मिळायला लागलं. तोवर पायथनचं कॅपिटलाइझ हे फंक्शन पहिल्या अक्षराचं मोठं रूप घ्यायचं, म्हणजे ३.७ मध्ये जॉर्जियन शब्द बिघडायचे. ३.८ पासून ते शब्दारंभीचं रूप घेतं आणि जॉर्जियन शब्द आहे तसा राहतो. ज्यांचे सर्व्हर अजून ३.७ वर आहेत त्यांनी बघून घ्यावं.

---

माणदेशी

हे शब्दारंभीच्या रूपाचं माहीत नव्हतं. असं असेल तर माझी हरकत मागे घेतो. रिकाम्या चौकोनांचा दोष क्रमांकाचा नाही. नियम फॉन्टच्या आधी पोचले एवढंच.

---

आडगावकर

क्रम लावण्याबद्दल कुणी बोललं नाही. मराठीत 'ळ' वर्णमालेत 'ह'नंतर येतो, युनिकोडमध्ये तो 'ल'ला खेटून यू+०९३३ वर आहे. त्यामुळे नुसत्या क्रमांकांवर शब्दसूची लावली की 'ळ' भलत्या जागी जातो, कोशाच्या कामात हे फार सतावतं. जॉर्जियनमध्ये काय स्थिती?

---

दौतटाक

आजच्या भाषेपुरतं ते नशीबवान. ३३ अक्षरांचे क्रमांक आणि वर्णमालेचा क्रम तंतोतंत एकच. जुन्या ग्रंथांत मात्र तुमच्यासारखीच अडचण येते. असोम्तावरुली ३८ अक्षरांची आहे. त्यातली पाच १९ व्या शतकातल्या सुधारणेत रोजच्या लेखनातून गेली. इल्या चावचावाद्झे आणि त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी ती सोडून द्यायचा आग्रह धरला, कारण त्यांचे उच्चार बोलण्यातून केव्हाच गेले होते. म्खेद्रुलीच्या गटात ही पाचही अक्षरं शेवटी, यू+१०एफ१ ते यू+१०एफ५ वर टाकलेली आहेत. जुन्या क्रमात ती मध्ये-मध्ये येत. त्यातलं 'हे' आठवं होतं आणि अंक म्हणून त्याची किंमतही ८ होती. जॉर्जियन अक्षरांनी अंक लिहायची जुनी पद्धत आहे, त्यात 'आनि' म्हणजे १. मध्ययुगीन मजकुराची सूची करायची तर क्रमांकांवर विसंबून चालत नाही, वेगळा क्रमनियम लावावाच लागतो.

आणि जाताजाता, जॉर्जियन अक्षरावरून आलेलं एक चिन्ह आपल्या रुपयाचं शेजारी आहे. लारी या त्यांच्या चलनाचं चिन्ह २०१४ मध्ये ठरलं, 'लासि' या अक्षरावर दोन उभ्या रेघा. युनिकोड ८.० मध्ये २०१५ साली त्याला यू+२०बीई मिळाला. आपला रुपया २०१० पासून यू+२०बी९ वर आहे.

---

कोकणकडा

दौतटाक, एकच विचारायचं राहिलं. जुन्या हस्तलिखितांचा संग्रह ऑनलाइन असेल आणि मी म्खेद्रुलीत शब्द टाइप केला, तर असोम्तावरुलीतला शिलालेख सापडेल का?

---

दौतटाक

आपोआप नाही सापडणार. मोठं-छोटं सोडून शोधण्याच्या नियमात जोड्या दोनच: म्तावरुली आणि म्खेद्रुली ही एक, असोम्तावरुली आणि नुस्खुरी ही दुसरी. यू+१०ए० चं छोटं रूप घेतलं की यू+२डी०० होतो, यू+१०डी० होत नाही. दोन जोड्यांमध्ये पूल नाही, कारण त्या दोन वेगळ्या लिप्या मानलेल्या आहेत. संग्रह उभारणाऱ्याने स्वतः लिप्यंतराचा तक्ता घालावा लागतो. तो सोपा आहे, असोम्तावरुली आणि नुस्खुरीची अडतीसच्या अडतीस मूळ अक्षरं म्खेद्रुलीतही आहेत, त्यामुळे एकास एक जुळतात. वर सांगितलेली पाच गेलेली अक्षरं तेवढी तक्त्यात विसरू नयेत. नाहीतर यू+१०एफ० वर थांबलेला तक्ता शिलालेखातल्या 'हे'पाशी अडखळतो आणि तो शब्द शोधात येतच नाही.

मोडीचे संग्रह ऑनलाइन आणताना इथल्या मंडळींना असाच तक्ता लागेल. अक्षरवेडी ताई, तुम्ही वेगळा धागा काढाल का?

---

अक्षरवेडी

काढते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद लिहिताना फारसा पाळलेला नसतो, त्यामुळे एकास एक जुळणी तिथे होणार नाही. आडगावकर, कोशाचा तुमचा अनुभव तिथे लागेल.